झेन आणि युद्धकला : अभ्यासाची साधने

झेन हा महायान बौद्ध धर्मातील ध्यानप्रधान संप्रदाय असून, जपानमधील खड्गविद्या, धनुर्विद्या, जुदो, कराटे इत्यादी युद्धकलांमागे त्याचे तत्त्वज्ञान असल्याचे सर्वत्र सांगितले जाते. या संबंधाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास उपयोगी पडणारे ग्रंथ, संस्था आणि साधनास्थळे यांचा परिचय या लेखात दिला आहे. मांडणी महाराष्ट्रातील, विशेषतः वाशीम जिल्हा व अमरावती विभागातील वाचक डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. या विषयावरील लोकप्रिय साहित्यात इतिहास, आख्यायिका आणि जाहिरात यांची सरमिसळ फार आहे. त्यामुळे कोणते साधन कशासाठी वापरावे हे कळण्यापुरता विषयाचा इतिहास प्रथम दिला आहे.

शब्द आणि परंपरा

‘झेन’ हा शब्द मुळात भारतीय आहे. संस्कृत ‘ध्यान’ (पाली ‘झान’) या शब्दाचे चिनी लिप्यंतर ‘चान्ना’ असे झाले. त्याचे संक्षिप्त रूप ‘चान’ आणि त्याचा जपानी उच्चार ‘झेन’ होय. कोरियात हाच संप्रदाय ‘सन’ आणि व्हिएतनाममध्ये ‘थिएन’ या नावाने ओळखला जातो. ध्यानाच्या जोडीला या संप्रदायाने ‘शून्यता’ ही दुसरी भारतीय संकल्पना स्वीकारली. तिचा प्रमुख भाष्यकार नागार्जुन याला झेन गुरुपरंपरेत चौदावे स्थान आहे. नागार्जुनाचा जन्म विदर्भात झाला असे तिबेटी परंपरा सांगते, तर चिनी परंपरा त्याला केवळ दक्षिण भारतीय म्हणते. रामटेकच्या परिसरात त्याच्या नावाची टेकडी दाखवली जाते.

वाशीमपुरता विचार केल्यास आणखी एक दुवा लक्षात येतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतील हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्यातील महायान लेण्यांचे मोठे काम झाले. लेणे क्र. १६ हे हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दान केल्याचे तेथील शिलालेखावरून कळते. चीनमध्ये ज्या भारतीय भिक्षूंच्या हाती ध्यानसंप्रदाय आकार घेत होता, ते साधारण याच काळातले. अजिंठ्यातून झेनकडे जाणारी सरळ वाट मात्र दाखवता येत नाही. तसा दावा करणारे लेखन सावधपणे वाचावे. वाकाटकांसाठी वा. वि. मिराशी यांचा ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काळ’ हा १९५७ मधील मराठी ग्रंथ आजही पहिला आधार आहे.

बोधिधर्म आणि शाओलिन

कराटेच्या बहुतेक वर्गांत एक कथा ऐकायला मिळते. बोधिधर्म हा भारतीय राजपुत्र चीनमधील शाओलिन विहारात गेला, नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून बसला, ध्यानाने अशक्त झालेल्या भिक्षूंना त्याने व्यायाम शिकवला आणि त्यातून सर्व आशियाई युद्धकला निघाल्या, अशी ती कथा आहे. भारतीय विद्यार्थ्याला ती अभिमानाची वाटणे स्वाभाविक आहे. पुराव्याची स्थिती पुढीलप्रमाणे आहे.

बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख यांग श्वानझी याने इ. स. ५४७ च्या सुमारास लिहिलेल्या लोयांग नगरातील विहारांच्या वृत्तान्तात येतो. तेथे तो पश्चिमेकडून आलेला पारशीक भिक्षू आहे आणि एका भव्य स्तूपाच्या सौंदर्याने तो भारावून गेला आहे. व्यायामाचा किंवा युद्धकलेचा तेथे मागमूस नाही. त्याच शतकातील तानलिन त्याला दक्षिण भारतीय राजाचा तिसरा पुत्र म्हणतो. इ. स. ६४५ च्या सुमारास दाओश्वान याने लिहिलेल्या भिक्षुचरित्रांत तो दक्षिण भारतीय ब्राह्मण ठरतो. शाओलिन विहार इ. स. ४९५ च्या सुमारास स्थापन झाला तो चिनी ग्रंथांत बातुओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वेगळ्याच भारतीय भिक्षूसाठी. बोधिधर्माचे नाव शाओलिनशी जोडले गेले ते पुष्कळ नंतर.

शाओलिनच्या भिक्षूंनी शस्त्र हाती घेतले, हे मात्र खरे आहे. इ. स. ६२१ मध्ये तांग घराण्याच्या संस्थापकाचा पुत्र ली शिमिन याला त्यांनी युद्धात साहाय्य केले आणि त्याची नोंद विहारातील इ. स. ७२८ च्या शिलालेखात आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी चेंग झोंगयू याने शाओलिनच्या दंडविद्येवर ग्रंथ लिहिला. त्यात या विद्येचे जनकत्व एका संरक्षक देवतेकडे दिले आहे. बोधिधर्माचे नाव या संदर्भात तेथे नाही. त्याच्या नावावर मोडणारा ‘यीजिन जिंग’ (स्नायुपरिवर्तनसूत्र) हा व्यायामग्रंथ इ. स. १६२४ च्या सुमाराचा असून त्याला जोडलेल्या प्राचीन प्रस्तावना बनावट आहेत. चिनी संशोधक तांग हाओ याने १९३० मध्येच ही आख्यायिका खोडून काढली होती. याविषयी एकच ग्रंथ वाचायचा झाल्यास मेईर शाहार यांचा ‘द शाओलिन मॉनेस्टरी’ (२००८) वाचावा. मूळ चिनी साधनांच्या आधारे लिहिलेला असूनही तो सामान्य वाचकाला समजतो.

एखाद्या पुस्तकाची विश्वासार्हता तपासायची असल्यास त्यातील बोधिधर्मावरचे पान आधी उघडावे, ही सोपी कसोटी आहे. आख्यायिका ‘आख्यायिका’ म्हणून दिली असेल तर पुढे वाचण्यास हरकत नाही.

जपानमधील संबंध

जपानमध्ये झेनची रिन्झाई शाखा एइसाई याने इ. स. ११९१ मध्ये आणि सोतो शाखा दोगेन याने १२२७ मध्ये चीनहून परतल्यावर रुजवली. कामाकुरा येथील होजो राज्यकर्त्यांनी रिन्झाई गुरूंना आश्रय दिला. मंगोल आक्रमणांच्या काळात (१२७४ व १२८१) होजो तोकिमुने हा चिनी गुरू मुगाकु सोगेन याचा शिष्य होता. यावरून ‘झेन हा सामुराईंचा धर्म’ असे समीकरण रूढ झाले. पण सामान्य सामुराईच्या घरी अमिदा बुद्धाची भक्ती, शिंगोन पंथाचे तांत्रिक विधी आणि शिंतो देवतांची पूजा यांचेच प्राबल्य होते. युद्धविद्येच्या जुन्या घराण्यांच्या परंपरांतही झेनपेक्षा या उपासनांच्या खुणा अधिक आढळतात. जी. कॅमेरॉन हर्स्ट यांचा ‘आर्म्ड मार्शल आर्ट्स ऑफ जपान’ (१९९८) आणि कार्ल फ्रायडे यांचा ‘लेगसीज ऑफ द सोर्ड’ (१९९७) हे या बाबतीतले भरवशाचे ग्रंथ आहेत.

झेन आणि शस्त्रविद्या यांची खरी भेट सतराव्या शतकात, म्हणजे जपानमध्ये शांतता नांदू लागल्यावर झाली, ही लक्षात घेण्यासारखी बाब आहे. रिन्झाई भिक्षू ताकुआन सोहो (१५७३–१६४५) याने तोकुगावा शोगुनांचा खड्गगुरू याग्यू मुनेनोरी (१५७१–१६४६) याला उद्देशून एक दीर्घ पत्रवजा प्रबंध लिहिला. त्याचे नाव ‘फुदोची शिन्म्योरोकु’, म्हणजे अचल प्रज्ञेविषयीची टिपणे. मन कुठेही थांबू देऊ नये, हा त्याचा गाभा. प्रतिस्पर्ध्याच्या तलवारीकडे मन गेले तर ते त्या तलवारीत अडकते, स्वतःच्या तलवारीकडे गेले तर तेथे अडकते, आणि जिंकण्याच्या विचारात गेले तर त्या विचारातच अडकते. येथे ‘अचल’ म्हणजे दगडासारखे निश्चल नव्हे. मन सर्व बाजूंना मोकळे फिरते आणि तरी कशालाही चिकटत नाही, ही अवस्था त्याला अभिप्रेत आहे.

ताकुआनने दिलेले उदाहरण महाराष्ट्रातील वाचकाला चटकन कळेल. सहस्रबाहू कान्नोनचे मन धनुष्य धरलेल्या एका हातावर थांबले, तर उरलेले नऊशे नव्व्याण्णव हात निकामी होतील, असे तो म्हणतो. ही कान्नोन म्हणजेच अवलोकितेश्वर. मुंबईजवळील कान्हेरीच्या लेणे क्र. ४१ मध्ये त्याची अकरा मुखांची मूर्ती आहे. अनेक मुखे व अनेक बाहू ही मूर्तिकल्पना भारतातून निघून जपानमध्ये पोहोचली आणि तेथे एका भिक्षूने ती तलवारबाजाला अवधान समजावण्यासाठी वापरली.

या प्रबंधाचे विल्यम स्कॉट विल्सन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर ‘द अनफेटर्ड माइंड’ (१९८६) या नावाने प्रसिद्ध आहे. पुस्तक लहान आहे आणि या विषयाचा आरंभ त्यापासून करणे इष्ट. मुनेनोरीचा स्वतःचा ग्रंथ ‘हेइहो कादेनशो’ (१६३२) ताकुआनच्या विचारांचा ठसा दाखवतो, परंतु त्याचा बराच भाग डावपेचांचा व राजकारणाचा आहे.

मियामोतो मुसाशी याचा ‘गो रिन नो शो’ (पंचचक्रांचा ग्रंथ, १६४५) हा झेनग्रंथ म्हणून विकला जातो. त्याच्या शेवटच्या प्रकरणाचे नाव ‘शून्य’ आहे हे खरे, पण आपण बौद्ध किंवा कन्फ्यूशियन वचने उसनी घेतलेली नाहीत असे मुसाशी आरंभीच सांगतो. ग्रंथाचा मोठा भाग पाय कसा टाकावा, तलवार कशी धरावी, प्रतिस्पर्ध्याची लय कशी मोडावी अशा व्यावहारिक सूचनांचा आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांनी त्याची जी प्रतिमा उभी केली, तिच्याशी मूळ ग्रंथ फारसा जुळत नाही.

विसाव्या शतकातील मांडणी

आज ‘युद्धकलेतील झेन’ म्हणून जे ओळखले जाते त्याचा बराचसा भाग विसाव्या शतकात घडला. क्योतो येथे १८९५ मध्ये स्थापन झालेल्या दाइ निप्पोन बुतोकुकाई या संस्थेने १९१९ मध्ये आपल्या विद्यांच्या नावांतील ‘जुत्सु’ (कौशल्य) हे पद बदलून ‘दो’ (मार्ग) हे पद स्वीकारले. त्यापूर्वी १८८२ मध्ये कानो जिगोरो यांनी जुदोची स्थापना केली होती. त्यांचा पहिला वर्ग तोक्योतील एइशोजी मंदिरात भरे, आणि हे मंदिर झेनचे नसून अमिदाभक्तीच्या जोदो पंथाचे आहे. ऐकिदोचे प्रवर्तक उएशिबा मोरिहेई (१८८३–१९६९) हे ओमोतो या शिंतोप्रणीत नव्या धर्मपंथाचे अनुयायी होते. त्यामुळे जुदो व ऐकिदो यांना सरसकट ‘झेन कला’ म्हणणे चुकीचे ठरते.

कराटेची गोष्ट थोडी निराळी आहे. ओकिनावातील या विद्येच्या नावातील ‘कारा’ हे अक्षर पूर्वी ‘चिनी’ या अर्थाने लिहिले जाई. फुनाकोशी गिचिन यांनी त्याऐवजी ‘रिक्त, शून्य’ या अर्थाचे अक्षर वापरले. ‘कराटे-दो क्योहान’ (१९३५) या ग्रंथात त्याचे समर्थन करताना त्यांनी प्रज्ञापारमिताहृदयसूत्रातील रूप व शून्यता यांच्या अभेदाचा आधार घेतला. ओकिनावातील गुरूंनी १९३६ मधील नाहा येथील बैठकीत हे नवे अक्षर मान्य केले. चीनशी संघर्षाच्या त्या काळात नावातील ‘चिनी’ हा अर्थ गैरसोयीचा झाला होता, हेही विसरता येत नाही. रिकामा हात, शून्यता आणि राजकारण या तिन्ही गोष्टी त्या एका अक्षरात आहेत.

पाश्चात्त्य आणि त्यामागून भारतीय वाचकांवर सर्वाधिक प्रभाव पाडणारे पुस्तक म्हणजे जर्मन तत्त्वज्ञ ऑयगेन हेरिगेल यांचे ‘झेन इन द आर्ट ऑफ आर्चरी’. हेरिगेल १९२४ ते १९२९ या काळात सेंदाई येथील विद्यापीठात अध्यापन करीत असताना आवा केन्झो (१८८०–१९३९) यांच्याकडे धनुर्विद्या शिकले. जर्मन पुस्तक १९४८ मध्ये आणि इंग्रजी भाषांतर १९५३ मध्ये आले. नेमबाज बाण सोडत नाही, ‘ते’ बाण सोडते, हे या पुस्तकातील मध्यवर्ती सूत्र. जपानी संशोधक यामादा शोजी यांनी २००१ मध्ये ‘जपानीज जर्नल ऑफ रिलिजियस स्टडीज’ या नियतकालिकातील निबंधात या पुस्तकाची छाननी केली. आवा यांनी झेनची साधना केलेली नव्हती आणि त्यांनी स्वतःचाच एक धनुर्धर्म उभा केला होता, असे त्यात दाखवले आहे. ‘ते सोडते’ हे सूत्र भाषांतराच्या गोंधळातून आलेले असावे, आणि अंधारात दुसऱ्या बाणाने पहिला बाण चिरला गेल्याच्या प्रसिद्ध प्रसंगी दुभाषा उपस्थित नव्हता, असेही यामादा नोंदवतात. पुस्तक आणि निबंध लागोपाठ वाचावेत. तसे केल्याने हेरिगेल यांच्या अनुभवाचे मोल शून्यावर येत नाही, पण त्यांनी काय ऐकले आणि काय ऐकू इच्छिले, यातला फरक दिसू लागतो.

दाइसेत्सु तेइतारो सुझुकी (१८७०–१९६६) यांच्या ‘झेन अँड जपानीज कल्चर’ (मूळ आवृत्ती १९३८, विस्तारित १९५९) या ग्रंथात झेन व खड्गविद्या यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. भाषा रसाळ व उदाहरणे विपुल आहेत, तरी जपानी संस्कृतीतील जवळजवळ प्रत्येक गोष्टीचे मूळ झेनमध्ये शोधण्याचा त्यांचा कल ध्यानात ठेवून तो वाचावा.

युद्ध, अहिंसा आणि झेन

अहिंसा हे पहिले शील मानणाऱ्या धर्माचा संप्रदाय तलवारीला तत्त्वज्ञान कसे पुरवतो, हा प्रश्न अभ्यासकाला टाळता येत नाही. ‘मारणारा नाही, मरणाराही नाही, सर्व शून्य आहे’ अशा धर्तीचे युक्तिवाद जपानच्या साम्राज्यवादी काळात सैनिकांसमोर मांडले गेले. सोतो परंपरेतील भिक्षू ब्रायन व्हिक्टोरिया यांनी ‘झेन अॅट वॉर’ (१९९७) या ग्रंथात अनेक नामांकित झेन गुरूंची युद्धकालीन वक्तव्ये प्रकाशात आणली. त्यातील काही अर्थनिर्णयांवर, विशेषतः सुझुकींविषयीच्या मतांवर, वाद झाला आहे. परंतु मूळ प्रश्न निराधार नव्हता. सोतो संप्रदायाने १९९२ मध्ये आणि रिन्झाईच्या म्योशिनजी शाखेने २००१ मध्ये युद्धातील आपल्या सहभागाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

वाशीम जिल्ह्यात बौद्ध समाजाची संख्या लक्षणीय आहे आणि अनेक घरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ असतो. त्यात आंबेडकरांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद करून अहिंसेचा विचार केला आहे. हिंसेचा निर्णय कोणी, कशासाठी, कोणत्या विवेकाने घ्यायचा, या अंगाने ते प्रश्न मांडतात. ताकुआन मनाच्या अवस्थेविषयी बोलतो, तर आंबेडकर कृतीच्या जबाबदारीविषयी. हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून वाचण्याची सोय मराठी बौद्ध वाचकाला सहज उपलब्ध आहे आणि त्यातून निघणारी चर्चा आयात केलेल्या कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक कसदार होऊ शकते.

मराठीतील साधने

झेन व युद्धकला यांच्या संबंधावर मूळ साधनांतून लिहिलेले साहित्य मुख्यतः जपानी व इंग्रजीत आहे. मराठी वाचकाला पाया मात्र मराठीत पक्का करता येतो. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांची ‘बुद्धलीलासारसंग्रह’ व ‘भगवान बुद्ध’ ही पुस्तके बुद्धचरित्रासाठी, तर ‘समाधिमार्ग’ हे ध्यानाच्या प्राचीन पद्धती समजण्यासाठी उपयुक्त आहे. ते झेनविषयी नाही, त्यामागचा आधार पाली परंपरेचा आहे. तथापि एकाग्रता, अवधान, समाधी या शब्दांचे नेमके अर्थ त्यातून कळतात आणि मग झेन त्यांपासून कुठे वेगळा होतो हे ओळखता येते. कोसंबींचे निधन वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे झाले.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील पु. वि. बापट हे पालीबरोबरच चिनी बौद्ध साधनांवर काम करणारे विद्वान होते. त्यांनी संपादित केलेला ‘२५०० इयर्स ऑफ बुद्धिझम’ (१९५६) हा इंग्रजी ग्रंथ भारताबाहेरील बौद्ध परंपरांची संक्षिप्त ओळख करून देतो. मराठी विश्वकोशातील बौद्ध धर्मविषयक नोंदी विश्वकोश मंडळाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात.

भारतीय शारीरिक विद्यांसाठी बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेला बहुखंडी ‘व्यायाम ज्ञानकोश’ हा मराठीतील अजोड ग्रंथ आहे. कुस्ती, मल्लखांब, लाठी, फरी-गदका, बोथाटी यांची माहिती त्यात मिळते. झेनच्या अभ्यासकाला त्याचा उपयोग तुलनेसाठी आहे. आपल्याकडील तालमीतही मनाची शिस्त होती. वस्तादांना नमस्कार, लाल मातीची पूजा, ब्रह्मचर्य आणि हनुमानाची उपासना हे तिचे आधार होते. म्हणजे शरीरसाधनेला धर्माची जोड देण्यासाठी झेनच हवा असे नाही. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांना किंवा मल्लखांबाला अलीकडे ‘भारतीय झेन’ म्हणण्याची जी लकब दिसते, तिला ऐतिहासिक आधार नाही आणि त्या कलांना तिची गरजही नाही.

पुणे येथे १९७४ पासून वास्तव्य केलेल्या रजनीश (ओशो) यांची झेनवरील प्रवचने हिंदी व इंग्रजीत मोठ्या संख्येने प्रसिद्ध झाली असून मराठी वाचकांपर्यंत ‘झेन’ हा शब्द पोहोचवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. ती एका वक्त्याची स्वतंत्र भाष्ये आहेत. त्यांतील ऐतिहासिक विधाने अन्य साधनांशी ताडून घेतल्याशिवाय निबंधात किंवा प्रबंधात वापरू नयेत.

आंतरजालावरील मुक्त साधने

वाशीमसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला महागड्या परदेशी ग्रंथांची अडचण असते. ती बऱ्याच अंशी दूर करणारी साधने आज उपलब्ध आहेत. जपानमधील बुक्क्यो देन्दो क्योकाई या संस्थेने चिनी-जपानी त्रिपिटकातील अनेक ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे विनामूल्य उपलब्ध करून दिली आहेत. लिंजी गुरूची वचने, ‘द्वारहीन द्वार’ हा कोआनसंग्रह आणि दोगेनचा ‘शोबोगेन्झो’ ही त्यांतील महत्त्वाची होत. नागोया येथील नान्झान विद्यापीठातून निघणाऱ्या ‘जपानीज जर्नल ऑफ रिलिजियस स्टडीज’चे अंक खुले असून यामादा यांचा वर उल्लेखिलेला निबंध तेथेच मिळतो. इनाझो नितोबे यांचा ‘बुशिदो’ (१९००) हा ग्रंथ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहे. तो ख्रिस्ती लेखकाने पाश्चात्त्यांसाठी इंग्रजीत लिहिलेला असल्याने सामुराईंच्या आचारसंहितेचा दस्तऐवज म्हणून न वाचता, आधुनिक जपानने स्वतःची ओळख कशी करून दिली याचा नमुना म्हणून वाचावा. जुन्या मराठी व इंग्रजी पुस्तकांच्या शोधासाठी भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाचा उपयोग होतो.

वाशीम व विदर्भातील सोयी

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याच्या विभाजनातून झाला आणि तो संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. पदव्युत्तर पातळीवर पाली व बौद्ध अध्ययनासाठी नागपूर विद्यापीठाचा विभाग तुलनेने जवळचा आहे. जपानी भाषा शिकण्याची जुनी व चांगली सोय पुण्यात आहे. मूळ ग्रंथांपर्यंत जाण्याची इच्छा असणाऱ्याने भाषेपासून आरंभ करणे दीर्घकाळात फायद्याचे ठरते.

शारीरिक शिक्षणाच्या अंगाने अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे विदर्भातील सर्वांत महत्त्वाचे केंद्र होय. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. कराटे, जुदो, तायक्वांदो व वुशू हे प्रकार शालेय क्रीडास्पर्धांत असल्याने त्यांची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून मिळू शकते. यांपैकी तायक्वांदो कोरियन व वुशू चिनी आहे. स्पर्धेसाठी दिले जाणारे प्रशिक्षण गुण, वजनगट आणि पट्ट्यांच्या परीक्षा यांभोवती फिरते, आणि त्यात गैर काही नाही. वर्गाच्या आरंभी व शेवटी गुडघ्यांवर बसून डोळे मिटण्याची ‘मोकुसो’ ही मिनिटभराची प्रथा म्हणजे झेनसाधना नव्हे. काळ्या पट्ट्याचे प्रमाणपत्र झेन शिकवण्याचा अधिकार देत नाही. झेनमध्ये तो अधिकार गुरूने शिष्याला दिलेल्या मान्यतेने, परंपरेचे नाव सांगून येतो. ‘झेन कराटे’ अशा नावाने जादा शुल्क मागणाऱ्यास आपण कोणत्या गुरूकडे व किती काळ साधना केली, हे विचारण्यास संकोच करू नये.

विदर्भात जपानी बौद्धांचा वावर आहे, पण तो प्रामुख्याने झेनचा नाही. निचिदात्सु फुजी हे १९३३ मध्ये वर्ध्यात महात्मा गांधींना भेटले. त्यांच्या निप्पोनझान म्योहोजी या संघाचा वर्ध्यातील विश्वशांती स्तूप आणि मुंबईतील वरळीचे मंदिर हे निचिरेन परंपरेतले आहेत. तेथील साधना सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नामजपाची असून ढोलकीच्या तालावर चालते. झेनच्या शोधात तेथे जाणाऱ्याची निराशा होईल, मात्र जपानी बौद्ध धर्मात किती वेगवेगळे प्रवाह आहेत हे तेथे प्रत्यक्ष पाहता येते. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीचे धम्मगिरी (१९७६) हे विपश्यनेचे केंद्रही झेनचे नाही, तेथील पद्धत ब्रह्मदेशातून आलेल्या परंपरेची आहे. दीर्घकाळ स्थिर बसण्याचा अनुभव घेण्यासाठी महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला ते सर्वांत सोयीचे आहे, एवढेच. परंपरागत झेनसाधनेसाठी भारतात तमिळनाडूतील कोडाईकनालजवळ पेरुमलमलै येथील बोधी झेंदो (१९९६) हे केंद्र आहे. येशूसंघाचे धर्मगुरू आमा सामी यांनी ते जपानमधील साधनेनंतर स्थापन केले.

घरी आरंभ करू इच्छिणाऱ्यासाठी दोगेनचा ‘फुकान झाझेनगी’ हा काही पानांचा मजकूर पुरेसा आहे. आसन, पाठीचा कणा, हातांची मुद्रा, उघडे डोळे आणि श्वास यांच्या स्पष्ट सूचना त्यात असून त्याचे इंग्रजी भाषांतर सोतो संप्रदायाच्या अधिकृत संकेतस्थळावर आहे. पद्मासन न जमल्यास अर्धपद्मासनात बसावे, असे त्यातच सांगितले आहे. जाड उशी आणि भिंतीसमोरची रिकामी जागा यांखेरीज कोणत्याही सामग्रीची आवश्यकता नसते.